टाके, टँक आणि वीतभर रणगाडा

गोंदिया जिल्ह्यात, नागझिरा अभयारण्याच्या कडेला चोरखमारा नावाचे गाव आहे. गावाजवळ मोठा तलाव आहे. भंडारा-गोंदियाचा सारा टापूच तलावांचा. इंग्रजी कागदपत्रांत या तलावांना ‘टँक’ म्हटलेले आढळते. काही वर्षांपूर्वी आम्ही या तलावाच्या पाळीवर बसलो असताना बरोबरच्या भाच्याने विचारले, “मामा, तलावालाही टँक आणि रणगाड्यालाही टँक, असे का?” त्या दिवसांत तो प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून सेंच्युरियन रणगाड्याची प्रतिकृती जोडत होता, म्हणून हा प्रश्न.

इंग्रजी ‘टँक’चे मूळ गुजराती-मराठीतील ‘टांके’ या शब्दात आहे, असे बरेच कोशकार मानतात. काही जण पोर्तुगीज ‘तांक’कडे बोट दाखवतात. शब्द पाण्याचाच, हे मात्र नक्की. 1915 साली इंग्लंडमधील लिंकन येथे पहिल्या रणगाड्याची बांधणी गुपचूप चालू होती. मेसोपोटेमियात पाणी वाहून नेण्याच्या गाड्या बनत आहेत, अशी बतावणी केली गेली. त्या वर्षाच्या डिसेंबरात ‘टँक’ हे सांकेतिक नाव ठरले. 15 सप्टेंबर 1916 रोजी सोमच्या लढाईत हे यंत्र प्रथम उतरले. गुपित फुटले, नाव मात्र राहिले.

प्रतिकृतींचा इतिहासही असाच आडवळणाचा आहे. ब्रिटनमधील एअरफिक्स कंपनीची या धंद्यातली सुरुवात रणगाड्याने नव्हे, तर ट्रॅक्टरने झाली. 1949 च्या सुमारास फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांना दाखवण्यासाठी तिने एक छोटा ट्रॅक्टर बनवला आणि पुढे तोच सुट्या भागांच्या रूपात विकला. जपानच्या तामिया कंपनीने 1961 च्या सुमारास पँथर रणगाडा काढला. त्यात मोटर आणि बॅटरीचे सेल बसवायचे होते. सेल मावतील एवढा रणगाडा केला आणि मागाहून मोजला, तेव्हा तो मूळच्या सुमारे 1/35 भरला. आज जगभर रूढ असलेले हे प्रमाण अशा रीतीने बॅटरीच्या सेलने ठरवले आहे! विज्ञानातली काही प्रमाणेही अशीच ठरली आहेत, पण ते असो.

हे भाग पॉलिस्टायरीनचे असतात. वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरून ते बनवतात. त्यांच्यासाठी मिळणारे ‘सिमेंट’ हा खरे तर डिंक नव्हेच. त्यातील द्रावकामुळे दोन्ही कडा क्षणभर विरघळतात, रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रावक उडून गेल्यावर दोन तुकड्यांचा एकच तुकडा होतो. म्हणजे ही चिकटवणी नसून जोडणी आहे. कडेवर आधीच रंग लागलेला असेल, तर द्रावक प्लॅस्टिकपर्यंत पोचत नाही आणि सांधा कच्चा राहतो. भाच्याचा पहिला सांधा असाच निखळला.

खरी पंचाईत झाली ती रंगाची, आणि तीत चूक आमची होती. अहमदनगरला (आता अहिल्यानगर) 1994 साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल यांच्यापासून आपल्या विजयंतापर्यंत अनेक रणगाडे तेथे आहेत. तेथील सेंच्युरियनशी आम्ही रंगाची पट्टी ताडून पाहिली आणि हुबेहूब तीच छटा घरी मिसळली. मॉडेल मात्र जवळजवळ काळे दिसू लागले.

या विषयातले जाणकार सांगतात, 1/35 चे मॉडेल एक मीटरवरून पाहणे म्हणजे खरा रणगाडा 35 मीटरवरून पाहणे. मधल्या हवेने रंग फिका होतो, म्हणून मॉडेलचा रंगही फिका हवा. पण कोरड्या दिवशी 35 मीटर हवेने कितीसा फरक पडणार? आम्हांला उजेडाचे कारण अधिक पटते. भर उन्हात एक लाख लक्सपर्यंत उजेड असतो, घरातल्या दिव्याखाली काही शे. उजेड घटला की डोळ्यांना तोच रंग मंद वाटतो. शिवाय उन्हात पडणाऱ्या ठसठशीत सावल्या घरातल्या पसरट उजेडात नाहीशा होतात. म्हणून सावल्याही रंगवाव्या लागतात. पातळ केलेला गडद रंग केशाकर्षणाने आपोआप खाचांत शिरतो, आणि कोरड्या ब्रशाने फिका रंग उंचवट्यांवर घासायचा असतो. खरेपणासाठी इतके खोटे करावे लागते!

लहान होताना सगळे सारख्याच प्रमाणात लहान होत नाही, ही यातली गंमत वर्गात जरूर करून पाहावी. लांबी 35 पट घटली की पृष्ठफळ 1,225 पट घटते आणि घनफळ 42,875 पट. सुमारे 50 टनांचा सेंच्युरियन तितक्याच भरीव पोलादाचा, पण 1/35 केला, तर वजन भरेल जेमतेम 1.2 किलो. पट्ट्यांचे क्षेत्रफळ मात्र 1,225 पटच घटलेले असते, म्हणून जमिनीवरचा दाब 35 पट कमी होतो. असे मॉडेल धानाच्या बांधीतही रुतणार नाही. खऱ्याची गोष्ट वेगळी. सप्टेंबर 1965 मध्ये असल उत्तर येथे आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडले, आणि चाळीस टनांहून जड पॅटन रणगाडे चिखलात अडकले.

भाच्याला साधा सेंच्युरियन नको होता, ‘फामागुस्ता’ हवा होता. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत याच रणगाड्यात होते. रणगाडा पेटला, बाहेर पडण्याचा आदेश आला, पण तोफ चालू होती म्हणून ते लढत राहिले आणि तेथेच मारले गेले. वय 21. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. दुरुस्त केलेला फामागुस्ता नगरलाच जतन केलेला आहे.

मग रंगवायचा कोणता? नगरचा स्वच्छ, की जळालेला? भाच्याने आठवडाभर ब्रश हातात घेतला नाही. शेवटी त्याने ठरवले: त्या दिवशी सकाळचा, धुळीने माखलेला, गोळा न लागलेला.

धुळीसाठी त्याने चोरखमाऱ्याच्या पाळीवरची माती पुडीत बांधून आणली होती. पण मातीचा कणही लहान होत नाही. दशांश मिलिमीटरचा कण 1/35 च्या जगात साडेतीन मिलिमीटरचा खडा ठरतो. मग त्याने ती मलमलच्या कापडातून दोनदा गाळली आणि तिकडच्या नदीकाठची माती करडी असणार म्हणून तीत थोडी खडूची पूड मिसळली.