विजेची बस नवी नाही, भाड्याची मात्र नवी आहे

१५ सप्टेंबर २०२३. आमच्या अंधेरीत आगरकर चौक ते सीप्झ जाणारी ४१५ नंबरची जुनी लाल डबलडेकर शेवटची धावली. बघायला जमलेल्या गर्दीत मीही होतो. बाजूचा कॉलेजातला मुलगा म्हणाला, "काका, आता विजेच्या येणार. धूर नाही, आवाज नाही. मुंबईत पहिल्यांदाच!"

पहिल्यांदा? मंडळी, मुंबईत विजेवरची ट्राम ७ मे १९०७ ला धावली. बस आली त्यानंतर १९ वर्षांनी, १५ जुलै १९२६ ला. १९४७ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने कंपनी ताब्यात घेतली आणि ट्राम, बस, वीज सगळंच मुंबईकरांचं झालं. १९६२ ला वरच्या तारेवर चालणारी ट्रॉलीबसही आणून पाहिली. पण ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली आणि १९७१ ला ट्रॉलीबसही बंद झाली. मग बराच काळ डिझेल, पुढे सीएनजी.

वीज परत आली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. फक्त ४ बस, पण बेस्टने स्वतः घेतलेल्या. खरा बदल २०१९ पासून झाला. विजेची बस महाग, बेस्ट तोट्यात, आणि केंद्राच्या फेम-२ योजनेतलं अनुदान किलोमीटरच्या दराने चालवायला घेतलेल्या बसलाच. म्हणून आली 'वेट लीज': गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा, बेस्टने किलोमीटरमागे पैसे मोजायचे.

२०२२ मध्ये १,४०० बसचं टेंडर निघालं, ते २,१०० वर गेलं. १२ वर्षांसाठी सुमारे ३,६७५ कोटी! प्रकरण हायकोर्टात आणि तिथून सुप्रीम कोर्टात गेलं. वाद कशावर? एका चार्जिंगमध्ये बस २०० किलोमीटर जाते का, यावर. गाडी कोणाची असावी, हा तिथे मुद्दाच नव्हता.

तो आपल्यासमोर आला ९ डिसेंबर २०२४ ला. कुर्ल्यात भाड्याची विजेची बस गर्दीत घुसली, माणसं गेली. दोष कोणाचा ते कोर्ट ठरवेल. पण ड्रायव्हरला शिकवलं कोणी, किती दिवस, हे आपण त्या दिवसानंतर विचारायला लागलो.

२०१९ मध्ये कामगारांशी करार करताना बेस्टने स्वतःच्या ३,३३७ बस राखायचं कबूल केलं होतं. आज त्यातला छोटासा हिस्सा उरलाय.

विजेच्या बसला माझा विरोध नाही. धूर आपणच खातो. आणि मालकी आपली असतानाही ट्राम मोडीत निघालीच, हेही खरं. पण तेव्हा जाब विचारायला दार एकच होतं. आज बेस्ट कंत्राटदाराकडे बोट दाखवणार आणि कंत्राटदार कराराकडे.

पुढच्या टेंडरच्या वेळी बस किती किलोमीटर धावते हे जरूर विचारा. पण ती कोणाची, हे आधी विचारा.

तुमच्या डेपोत बेस्टच्या स्वतःच्या गाड्या किती उरल्यात? कमेंटमध्ये लिहा.