चरित्रपटांतील सत्य

ज्यांचे चेहरे लोकांच्या नजरेसमोर अजून ताजे आहेत, अशा पुरुषांचें चरित्र पडद्यावर आणणें मोठें अवघड काम आहे. ग्रंथांतील चुका पंडित काढतात. चित्रपटांतील चुका शाळकरी मुलेंही काढतात. बेसबॉल हा अमेरिकन जनतेचा लाडका खेळ. त्यांतील वीरांवर निघालेले जुने चरित्रपट या दृष्टीनें तपासण्यासारखे आहेत. नटाचें मूळ व्यक्तीशीं असलेलें साम्य हेंच सत्याचें माप धरावें काय, हा प्रश्न त्यांतून उभा राहतो.

न्यूयॉर्कच्या यँकीज संघाचा लू गेरिग लागोपाठ २१३० सामने खेळला. १९३९ सालीं असाध्य मज्जाविकारामुळें त्याला खेळ सोडावा लागला, आणि २ जून १९४१ रोजीं तो वारला. पुढच्याच वर्षीं सॅम्युएल गोल्डविन यांनीं 'द प्राइड ऑफ द यँकीज' हा बोलपट काढून नायकाची भूमिका गॅरी कूपरला दिली. गेरिग डावखुरा, तर कूपर उजव्या हाताचा! लेफ्टी ओ'डूल या जुन्या खेळाडूनें त्याला शिकविलें. तरीही कूपर उजवीकडूनच खेळला आणि मग फिल्म आरशांतल्याप्रमाणें उलटी छापली, अशी कथा अनेक दशकें सांगितली जात असे. त्यासाठीं उलट्या अक्षरांचा गणवेश घालून तो पहिल्या बेसऐवजीं तिसऱ्या बेसकडे धांवला, असा तपशीलही तींत असे. पण २०१३ सालीं कूपर्सटाउन येथील बेसबॉल संग्रहालयाचे टॉम शीबर यांनीं चित्रपट बारकाईनें तपासून दाखविलें कीं, फलंदाजीचे प्रसंग उलटविलेले नाहींत. कूपर खरोखरच डावीकडून फटके मारण्यास शिकला होता. चित्रपटाचें खोटें उघड करणारी कथाच खोटी ठरली!

खरी ढवळाढवळ झाली ती दुसरीकडेच. ४ जुलै १९३९ रोजीं यँकी स्टेडियममध्यें गेरिगनें निरोपाचें भाषण केलें. आपण पृथ्वीवरील सर्वांत भाग्यवान मनुष्य आहों, हें त्याचें प्रसिद्ध वाक्य भाषणाच्या आरंभींच आलें होतें. शेवट निराळा होता: दैवानें फटका दिला असला तरी ज्यासाठीं जगावें असें पुष्कळ कांहीं आपल्यापाशीं आहे, असें तो म्हणाला होता. चित्रपटांत आरंभींचें वाक्य शेवटीं नेलें आहे. नाट्याच्या दृष्टीनें हा बदल परिणामकारक आहे, यांत शंका नाहीं. परंतु त्यामुळें माणूसच बदलतो. पडद्यावरचा गेरिग कृतार्थपणें निरोप घेतो; मैदानावरचा छत्तीस वर्षांचा गेरिग अजून जगूं पाहत होता. त्या भाषणाच्या मूळ फिल्मचे थोडेच तुकडे आज उरले असल्यामुळें, लोकांच्या स्मरणांत चित्रपटांतलाच क्रम पक्का बसला आहे.

मग खऱ्या माणसालाच पडद्यावर उभें करावें काय? याच चित्रपटांत बेब रूथनें स्वतःची भूमिका केली, आणि ती त्याला शोभलीही. उलट १९४८ सालच्या 'द बेब रूथ स्टोरी'मध्यें विल्यम बेंडिक्सनें रंगविलेला रूथ नुसत्या एका शब्दानें पंगू मुलाला चालावयास लावतो! तेथें चरित्राचें पुराण झालें. परंतु १९५० सालीं जॅकी रॉबिन्सननें आपल्या चरित्रपटांत स्वतःच काम केलें, तेव्हां काय झालें? १९४७ सालीं ब्रूक्लिनच्या संघांतून खेळून त्यानें मोठ्या संघांतील वर्णभेदाची भिंत पाडली होती. चेहरा, चाल, हात, सारें अस्सल. तथापि लष्करांत असतांना बसमध्यें मागें जाऊन बसण्यास त्यानें नकार दिला, त्यावरून १९४४ सालीं लष्करी न्यायालयांत खटला झाला व तो निर्दोष सुटला, हा प्रसंग त्या चित्रपटांत नाहीं. खरा माणूस समोर असूनही खऱ्या चरित्राचा एक मोठा तुकडा बाहेरच राहिला.

म्हणून नटाचा हात डावा कीं उजवा, या वादांत प्रेक्षकानें फार गुंतूं नये. ती चूक कोणालाही दिसते आणि कोणालाही फसवीत नाहीं. वाक्यांचा क्रम आणि गाळलेला प्रसंग मात्र दिसत नाहींत. म्हणून तेथेंच अधिक सावध राहिलें पाहिजे. चरित्रपटानें चेहरा उसना घ्यावा. मृत माणसाचे शेवटचे शब्द मात्र त्याचे त्यालाच ठेवावेत.