पुस्तकातली म्हैस आणि पूर्णाकाठची म्हैस

दादांच्या पेटीतल्या पुस्तकांचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या घरात दिवाळीपासून लोंबकळतो आहे. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. त्यांनी जन्मभर सरकारी गुरांच्या दवाखान्यात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं भातकुलीच्या आसपास. आता त्यांची नात पशुवैद्यक होऊन आली आहे आणि गावातच रक्त-लघवी तपासणीची लहानशी प्रयोगशाळा टाकते आहे. तिला संदर्भग्रंथ हवा आहे आणि नवा घ्यायचा तर काही हजारांची बाब आहे. पुण्याची मंडळी म्हणतात, आजोबांची पुस्तकं आहेत की! नागपूरची मंडळी म्हणतात, ती कधीच जुनी झाली, रद्दीत घाला. दोन्हीकडची मंडळी हे पान वाचतात, त्यामुळे जरा जपून लिहितो.

मी मराठीचा बी.ए. मास्तर. मला पशुवैद्यकातलं ओ की ठो कळत नाही. पण पुस्तक कोणी लिहिलं, कधी लिहिलं आणि कोणासाठी लिहिलं, एवढं तर पाहता येतं. म्हणून पेटी उघडून बसलो, आणि नातीला विचारून विचारून थोडा इतिहास गोळा केला.

मुंबईत परळला पशुवैद्यकाचं महाविद्यालय 1886 साली निघालं, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या प्राण्यांच्या इस्पितळाला लागून. तीनच वर्षांनी, 1889 मध्ये, पुण्यात सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा सुरू झाली. ती 1893 साली कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. त्या काळी सगळी लढाई बुळकांडीशी होती. बुळकांडी आली की गोठेच्या गोठे रिकामे होत. तिथे एकेका जनावराचं रक्त काढून मोजमाप करायला कोणाला फुरसत असणार? (आता बुळकांडी जगातूनच गेली, 2011 साली तशी घोषणा झाली.) रोगाची साथ ओसरल्यावरच एकट्यादुकट्या जनावराच्या दुखण्याकडे नीट लक्ष गेलं असावं, असा माझा आपला अंदाज.

या विषयाचे म्हणून ओळखले जाणारे मोठे इंग्रजी ग्रंथ अमेरिकेतून आले, आणि त्यातले दोन 1961 च्या सुमारास. एक मॅक्सिन बेंजामिन बाईंचं, प्रयोगशाळेतल्या तपासण्यांची रूपरेषा सांगणारं. दुसरं कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या ऑस्कर शाल्म यांचं, निव्वळ रक्तावरचं. गाईच्या दगडीची गोठ्यातच करायची जी 'कॅलिफोर्निया' चाचणी आहे, ती याच शाल्म यांची. पुढे 1963 मध्ये कॉर्नेलियस आणि कानेको यांचं जीवरसायनाचं आणि 1967 मध्ये कोल्स यांचं पुस्तक आलं. शाल्म यांच्या ग्रंथाची 1986 ची चौथी आवृत्ती नेमी जैन यांनी तयार केली. आदिनाथांच्या भातकुलीत हे नाव ऐकून शेजाऱ्यांना बरं वाटलं. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी जी. ए. शास्त्री यांचं पुस्तक होतंच.

दादांच्या पेटीत बेंजामिन बाई निघाल्या. पुठ्ठा सुटलेला, पानांना जंतुनाशकाचा वास.

आता हे पुस्तक वापरायचं कसं, ते एका दुखण्यावरून सांगतो, कारण वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ते नवं नाही. म्हैस लाल मुतते. व्यालेली, दुभती, घर चालवणारी म्हैस. लघवी कॉफीसारखी, डोळ्याच्या आतली कड पांढरी, आणि दोन दिवसांत उभं राहवत नाही. आता हे लाल म्हणजे काय? पहिली गोष्ट बिनखर्चाची: लघवी काचेच्या भांड्यात स्थिर ठेवा. लाल गाळ तळाशी बसून वर पाणी निवळलं, तर ते खरं रक्त, मूत्रमार्गातून आलेलं. सगळी लघवी तशीच लाल राहिली, तर रक्तातल्या पेशी अंगातच फुटल्या आहेत आणि त्यांचा रंग बाहेर येतो आहे.

पण पेशी का फुटल्या? एक कारण गोचीड. गोचिडातून जाणारा बारीक जीव तांबड्या पेशीत शिरतो आणि ती फोडतो. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी 1893 साली हे सिद्ध करून छापलं. गोचिडासारखा प्राणी रोग पसरवतो याचा तो पहिला पक्का पुरावा. तिथले गुराखी आधीपासून गोचिडालाच दोष देत होते म्हणे, शास्त्रज्ञ ऐकत नव्हते. मास्तरकीच्या धंद्यात असं पुष्कळदा होतं, बाकावरचा पोरगा बरोबर असतो. असो. दुसरं कारण अगदी वेगळं: विल्यानंतर दुधावाटे फॉस्फरस निघून जातो, चाऱ्यातून भरून येत नाही, आणि पेशी नाजूक होऊन फुटतात. आपल्याकडच्या म्हशींत हे बरंच आढळतं. पहिल्यात जीव मारायचं औषध, दुसऱ्यात शिरेतून फॉस्फेट. वरून दोन्ही म्हशी सारख्याच दिसतात. रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पेशीत जोडीजोडीने बसलेले नाशपातीच्या आकाराचे जीव दिसतात किंवा दिसत नाहीत. बेंजामिन बाईंचं पुस्तक इथे आजही उपयोगी आहे. पेशी 1961 साली दिसत तशाच आज दिसतात, काच पसरायची रीतही तीच.

मग जुनं काय होतं? आकडे. फॉस्फरस जुन्या पुस्तकात 100 मिलीलिटरमागे मिलिग्रॅममध्ये, नव्या पुस्तकांत बहुतेक मिलिमोलमध्ये. साडेचार मिलिग्रॅम म्हणजे साधारण 1.45 मिलिमोल. जुन्या पुस्तकाशेजारी नवं यंत्र ठेवून हे न पाहता वाचलं, तर निरोगी म्हैस मरणपंथाला लागलेली दिसेल. यंत्रं बदलली, द्रावणं बदलली, की जुना तक्ता डोळे मिटून लावता येत नाही.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे आकडे कोणाचे? गाईच्या रक्तात पेशींचा भाग शेकडा 24 ते 46, असं शाल्म यांच्या परंपरेतले तक्ते देतात. ती गाय तिकडची. घोड्यांतसुद्धा चपळ जातींचा आणि जड ओढकामाच्या जातींचा आकडा वेगवेगळा येतो. आपल्याकडे तर गाय नव्हे, म्हैस. त्यातही आपली नागपुरी, जिला जुने लोक एलिचपुरी म्हणत, लांब तलवारीसारख्या शिंगांची. आणि पूर्णाकाठची भुरकट पूर्णाथडी, जिची अलीकडेच वेगळी जात म्हणून नोंद झाली. तीही खारपाणपट्ट्यातली, मचूळ पाण्यावर वाढलेली. तिचं रक्त कॅलिफोर्नियाच्या गाईच्या तक्त्यात का बसावं?

पूर्वी या आकड्यांना सरळ 'नॉर्मल' म्हणत. 1969 च्या सुमारास फिनलंडच्या ग्रास्बेक आणि सारिस यांनी माणसांच्या वैद्यकात सुचवलं की नॉर्मल म्हणू नका, संदर्भमूल्य म्हणा, आणि ते कोणाकोणाचं, कसं मोजलं तेही सांगा. मला भाषेचा मास्तर म्हणून हा शब्दबदल फार आवडला. शिवाय ही मर्यादा निरोगी जनावरांपैकी शेकडा 95 जणांची असते. म्हणजे 20 निरोगी म्हशींतली एखादी पुस्तकाबाहेर पडणारच. एकाच धडधाकट म्हशीच्या 20 वेगवेगळ्या तपासण्या केल्या, तर एखादा तरी आकडा चुकार निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त!

माझं मत विचाराल तर नातीने नवं पुस्तक घ्यावंच, आणि घेताना आधी तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचावीत: किती जनावरं, कुठली, कोणत्या वयाची, व्यालेली की भाकड. म्हशीसाठी वेगळा रकाना नसेल तर ते पुस्तक कितीही चकचकीत असो, परत ठेवावं. आणि बेंजामिन बाईंना रद्दीत घालू नये. पुण्याच्या मंडळींना वाटतं त्या कारणासाठी नव्हे. दादांनी समासात पेन्सिलीने आकडे लिहून ठेवले आहेत: तारीख, गाव, 'म्हैस, तिसरं वेत', आणि पुढे रक्ताचा आकडा. बाजूला कुठे 'बरी', कुठे 'गेली'. असे तीसचाळीस तरी असतील. शास्त्र म्हणून ते पुरेसे नाहीत, आजारी जनावरांचेच जास्त आहेत. पण पूर्णाकाठच्या म्हशीचे आहेत.

पशुवैद्यांच्या एका संस्थेने 2012 साली सांगितलं, की स्वतःचा तक्ता करायचा तर शक्यतो 120 निरोगी जनावरं घ्यावीत. नातीने ते मनावर घेतलं आहे. मालकाला विचारून, दुधाच्या वेळा सांभाळून, गावोगाव नमुने घेते. आतापर्यंत 37 झाले. रोग्याचं रक्त मिळतं, धडधाकटाचं मिळत नाही, ही तिची मुख्य अडचण. परवा एक म्हातारी तिला म्हणाली, "बाई, म्हैस बिमार नाही, त रगत काहाले काढता वं?" तिने समजावून सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं, म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बरं, पण सकायी ये. संध्याकायी ते लात मारते."