रोहिणीचे पाणी आणि सिद्धार्थाचा गृहत्याग

म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण वयाच्या २९ व्या वर्षापर्यंत त्याला हे कधी दिसलेच नाही, हे कसे पटावे? हा सवाल परमपूज्य बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात केला, आणि गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या तंट्यात दाखवून दिले.

शेतीला आधी पाणी कोणी घ्यायचे, यावरून शाक्य आणि कोलियांत मारामारी झाली. सेनापतीने शाक्य संघात युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ संघाचा सभासद होऊन तेव्हा ८ वर्षे झाली होती. तो म्हणाला, दोन्हीकडून दोन-दोन माणसे निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी निवाडा करावा. पण बहुमत युद्धाकडे गेले. दुसऱ्या दिवशी २० ते ५० वयाच्या शाक्यांच्या सैन्यभरतीचा ठराव आला. बाकीचे विरोधक गप्प बसले. एकट्या सिद्धार्थाने नकार दिला.

तेव्हा सेनापतीने त्याच्या घरावरच घाव घातला. कुटुंबावर बहिष्कार टाकू, जमिनी जप्त करू! बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. गावकीची कामे सोडली म्हणून आपल्या माणसांची मजुरी तोडली, दुकान बंद केले. माणूस स्वतःसाठी वाकत नाही, लेकराबाळांसाठी वाकतो.

सिद्धार्थाने तत्त्व सोडले नाही आणि घरच्यांचा बळीही दिला नाही. शिक्षा मला एकट्यालाच द्या म्हणाला, आणि परिव्राजक होऊन देश सोडायला तयार झाला. गौतमी रडली. पदरात तान्हा राहुल असूनही यशोधरा मात्र खंबीर राहिली. तिने त्याचा निर्णय योग्य ठरवला आणि सासू-सासरे व राहुलची जबाबदारी स्वतःवर घेतली.

पुढे राजगृहात त्याला बातमी कळली की लोकांनीच युद्धाला विरोध केला आणि समेट झाला. आता घरी परतता आले असते. पण त्याला वाटले, राष्ट्रांची युद्धे कधीतरी होतात, वर्गावर्गांतला झगडा मात्र रोजचाच आहे. त्या दुःखाचे मूळ शोधायला तो पुढे निघाला.

म्हणून आम्ही म्हणतो, सिद्धार्थ संसाराला भिऊन पळाला नाही. विहारात त्याला वंदन करताना यशोधरेचीही आठवण ठेवूया.

नमो बुद्धाय! जय भीम!