टाळ आधी दिसतो, नाद मागाहून येतो : मोबाइल चित्रीकरणातील ध्वनी-चित्राचा मेळ कसा बसवावा

मध्य प्रदेशातील सौंसरजवळचे जामसांवली हे गाव तेथील निद्रिस्त हनुमानाच्या मूर्तीमुळे प्रसिद्ध आहे. पिंपळाखालच्या या देवस्थानात मंगळवारी आणि शनिवारी भाविकांची रीघ लागते. छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे काढून २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. या भागात मराठी पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते. तेथील आरती असो, गोव्यातील चतुर्थीची घुमट आरती असो की वास्कोच्या सप्ताहातील भजन, आज प्रत्येक ठिकाणी डझनभर मोबाइल उंचावलेले असतात. घरी येऊन चित्रफीत संपादित करताना मात्र अनेकांना तोच अनुभव येतो. झांज एकमेकींवर आदळलेली दिसते आणि तिचा नाद क्षणभराने येतो, किंवा आरंभी सर्व सुरळीत असूनही शेवटच्या कडव्यापर्यंत गायकाचे ओठ आणि आवाज यांची पुरती फारकत झालेली असते.

संवादाच्या चित्रफितीत हा दोष एकवेळ खपतो. तालाच्या चित्रफितीत खपत नाही. वृद्ध पखवाजवादकाचे किंवा घुमटवादकाचे एकच चित्रण उपलब्ध असेल आणि त्यावरून पुढचा विद्यार्थी बोटांची ठेवण शिकणार असेल, तर दहाव्या हिश्शाच्या सेकंदाचा फरकही त्याला चुकीची थाप शिकवतो. दोष कोठून आला हे न पाहता केलेली दुरुस्ती तर मूळ चित्रणच बिघडवू शकते.

आधी प्रमाण समजून घ्यावे. चित्रफीत सेकंदाला ३० फ्रेमची असेल तर एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंद टिकते; २५ फ्रेमची असेल तर ४० मिलिसेकंद. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला, किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला, की प्रेक्षकाला ते जाणवू लागते. या दोन आकड्यांतील तफावत अर्थपूर्ण आहे. दूरचा आवाज उशिरा पोहोचतो याची निसर्गाने आपल्याला सवय लावलेली आहे. कृतीच्या आधी आवाज येणे मात्र मेंदूला मान्य होत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा आवाज किंचित मागे ठेवावा, पुढे कधीही नाही.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक तपासणी अनिवार्य आहे. ब्लूटूथ इअरफोन काढून ठेवावेत. ब्लूटूथवरून आवाज पोहोचण्यास सर्वसाधारणपणे दीड-दोनशे मिलिसेकंद लागू शकतात. काही ॲप चित्र तेवढेच थांबवून हा विलंब झाकतात, संपादनाची ॲप तो नेहमीच झाकतात असे नाही. निर्दोष चित्रफितीतला आवाज केवळ या इअरफोनमुळे सरकवला जातो आणि मग ती खरोखरच सदोष होते. तारेचा इअरफोन किंवा मोबाइलचा स्वतःचा स्पीकर वापरूनच निर्णय घ्यावा.

त्यानंतर चित्रफितीचा आरंभ आणि शेवट ही दोन टोके पाहावीत. दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर दोष स्थिर आहे. आरंभी फरक नसून शेवटी मोठा असेल तर तो वाढता आहे. या दोन दोषांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. एकाचा उपाय दुसऱ्यावर करणे हीच सर्वांत सार्वत्रिक चूक होय.

स्थिर फरक काढणे सोपे. काइनमास्टर, इनशॉट यांसारख्या ॲपमध्ये क्लिप निवडून तिचा आवाज वेगळा काढण्याची सोय असते. आवाज स्वतंत्र पट्टीवर आला की टाइमलाइन पुरेशी मोठी करावी. झांजेचा आघात वेव्हफॉर्ममध्ये उभ्या सुळक्यासारखा दिसतो. दोन्ही झांजा प्रथम टेकलेली फ्रेम शोधून सुळक्याचा आरंभ तिच्याखाली आणावा. सुळक्याचे शिखर नव्हे, आरंभ. कारण घंटेचा किंवा झांजेचा नाद आघातानंतरही काही काळ भरत जातो. या कामासाठी गायकाचे ओठ फारसे उपयोगी नाहीत. ओष्ठ्य वर्ण, म्हणजे प, ब, म, उच्चारताना ओठ मिटतात तेवढाच काय तो आधार. टाळ, टाळी किंवा चिपळी केव्हाही अधिक विश्वसनीय.

चित्रपटसृष्टीने हा प्रश्न बोलपटाच्या आरंभीच हाताळला होता. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये पडद्यावर आला, तेव्हापासून मराठी चित्रपटालाही चित्र आणि ध्वनी यांची सांगड घालावी लागली. फळीची टाळी वाजवण्याच्या रूढ पद्धतीमागे तत्त्व एवढेच, की मिटणारी फळी चित्रात दिसावी आणि तिचा आवाज ध्वनिमुद्रणात स्पष्ट उमटावा. मोबाइलधारकाला त्यासाठी फळीची गरज नाही. चित्रीकरण सुरू होताच कॅमेऱ्यासमोर, पण माइकजवळ, एक खणखणीत टाळी वाजवावी आणि चित्रीकरण बंद करण्यापूर्वी दुसरी. दुसरी टाळी बहुतेक जण विसरतात. वाढता दोष मोजायचा तर तीच उपयोगी पडते.

टाळी माइकजवळ का, याचे उत्तर ध्वनीच्या वेगात आहे. आपल्याकडच्या उष्ण हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. मंडपाच्या टोकाला, ३५ मीटरवर उभ्या असलेल्या मोबाइलपर्यंत पखवाजाची थाप १०० मिलिसेकंदांनी, म्हणजे तीन फ्रेमनी, उशिरा पोहोचते. पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर भरणारी गोटमार १०० मीटरवरच्या गच्चीवरून टिपली, तर पात्रातील ढोलाचा ठोका आठ-नऊ फ्रेम मागे पडेल. हा मोबाइलचा दोष नव्हे. संपूर्ण पात्र दिसणाऱ्या विस्तृत दृश्यात तो तसाच राहू द्यावा. अंतर डोळ्यांना दिसत असते, त्यामुळे कानही ते स्वीकारतात. झूम करून ढोलवादक जवळ आणला असेल तर मात्र आवाज पुढे ओढणे आवश्यक ठरते. देवळाच्या आवारात ठिकठिकाणी लावलेल्या ध्वनिक्षेपकांमुळे आणखी एक गुंता होतो. जवळच्या कर्ण्यातून आवाज लवकर येतो, गाभाऱ्यातील मूळ आवाज उशिरा येतो आणि मोबाइल दोन्ही टिपतो. असा दुहेरी आवाज सरकवून सुधारत नाही. चित्रीकरणाच्या वेळीच गायकांच्या जवळ, कर्ण्यापासून दूर जागा निवडणे एवढाच त्यावर उपाय आहे.

वाढता दोष अधिक कष्टाचा. त्याचे पहिले कारण मोबाइलच्या स्वभावातच आहे. मोठ्या व्यावसायिक कॅमेऱ्याप्रमाणे मोबाइल प्रत्येक सेकंदाला मोजून तेवढ्याच फ्रेम टिपेल असे नाही. संध्याकाळच्या आरतीला उजेड कमी पडला की बरेच मोबाइल प्रत्येक फ्रेमला अधिक प्रकाश मिळावा म्हणून फ्रेमची संख्या आपोआप घटवतात. यंत्र तापले किंवा प्रोसेसरवर ताण आला की काही फ्रेम गळतात. आवाजाची मोजणी या काळात अखंड चालू असते. प्रत्येक फ्रेम केव्हा दाखवायची याची नोंद फाइलमध्ये असल्याने मोबाइलवर पाहताना सर्व ठीक भासते. संपादनाची काही सॉफ्टवेअर मात्र ही नोंद बाजूला ठेवून फ्रेम समान अंतराने मांडतात, आणि तेथे मेळ तुटतो. चित्रफीत मोबाइलवर ठीक आणि संगणकावर बिघडलेली दिसली, तर बहुधा कारण हेच.

खात्री करण्यासाठी मीडियाइन्फो हे विनामूल्य साधन पुरेसे आहे. त्यात फाइल उघडल्यावर फ्रेम रेट मोडपुढे ‘व्हेरिएबल’ असे दिसले तर निदान पक्के झाले. अशा फाइलवर आवाज ताणण्याचा किंवा आकसण्याचा प्रयोग करू नये. फ्रेमची गळती सर्वत्र सारखी नसते. दिवे मंद असताना ती वाढते, दिवे लागल्यावर थांबते. त्यामुळे दोन टोके जुळवली तरी मधला भाग विस्कटलेलाच राहतो. योग्य मार्ग असा, की संपादनापूर्वीच फाइल समान फ्रेमरेटमध्ये रूपांतरित करावी. हँडब्रेक या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओच्या विभागात ३० किंवा २५ हा आकडा निश्चित करून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडावे आणि गुणवत्ता थोडी चढी ठेवावी. रूपांतरित फाइल संपादनात घ्यावी. मूळ फाइल पुसू नये. रूपांतरानंतर चित्राची प्रत किंचित खालावते, पण तालाचा मेळ टिकवायचा तर ही किंमत रास्त आहे.

पुढच्या वेळी हे टाळायचे असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो एफपीएस’ बंद करावे. प्रो मोड असेल तर फ्रेमरेट निश्चित करता येतो. भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्याने २५ फ्रेमची सोय असल्यास ती घ्यावी. दिव्यांची लुकलुकही कमी होते.

दुसरे कारण आवाज वेगळ्या यंत्रावर घेतल्याने उद्भवते. चांगल्या आवाजासाठी मिक्सरमधून रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रण आणि मोबाइलवर केवळ चित्र, ही पद्धत आता भजनी मंडळांतही रुळू लागली आहे. प्रत्येक यंत्रातील घड्याळ स्फटिकाच्या कंपनांवर चालते आणि दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत तीस एवढा फरक असला तरी तासाला सुमारे १०८ मिलिसेकंद, म्हणजे तीन फ्रेम, एवढे अंतर पडते. दहा मिनिटांच्या आरतीत ते लक्षातही येणार नाही. रात्रभराच्या भजनात येईल. दोन टाळ्यांमधील अंतर दोन्ही फाइलींत मोजले की फरक अचूक कळतो. तो एवढा सूक्ष्म असतो, की वेग बदलण्याच्या दोन दशांशांपर्यंतच्या सोयीत तो मावत नाही. त्यापेक्षा दोन अभंगांमधल्या किंवा दोन आरत्यांमधल्या विरामात आवाजाची पट्टी कापावी आणि पुढचा भाग एक-दोन फ्रेम सरकवावा. विरामातील ही शिवण कोणाच्याही कानाला कळत नाही. गाण्याच्या मध्ये कापले तर ताल अडखळतो.

दाविंची रिझॉल्व्हच्या विनामूल्य आवृत्तीत वेव्हफॉर्मवरून दोन्ही आवाज आपोआप जुळवण्याची सोय आहे. प्रीमियर प्रोमध्येही ती आहे. मात्र त्यासाठी मोबाइलचा स्वतःचा आवाज चालू ठेवलेला असावा लागतो. आपोआप जुळलेला आरंभही डोळ्यांनी तपासावा. आरतीत एकच ठेका आणि एकच चाल पुन्हा पुन्हा येत असल्याने सॉफ्टवेअर एखाद्या कडव्याने फसू शकते.

फरक फार वेगाने वाढत असेल तर स्फटिकाकडे पाहण्याचे कारण नाही. आकड्यांची गल्लत झालेली असते. २९.९७ फ्रेमची चित्रफीत ३० ची समजली गेली, तर दहा मिनिटांत ०.६ सेकंद आणि तासाला ३.६ सेकंद एवढा फरक पडतो. प्रकल्पाचा फ्रेमरेट मूळ फाइलशी जुळवला की तो नाहीसा होतो. आवाजाच्या बाबतीत ४८ आणि ४४.१ किलोहर्ट्झ यांची अदलाबदल झाली तर दहा मिनिटांचा आवाज सुमारे १० मिनिटे ५३ सेकंद चालतो आणि स्वरही दीड श्रुतीने नव्हे, जवळजवळ दीड अर्धस्वराने उतरतो. पेटीवर सूर लावून पाहणाऱ्यास हे तत्काळ कळते. चित्रफितीसाठी रेकॉर्डर आरंभापासूनच ४८ किलोहर्ट्झवर ठेवावा.

सर्व जुळल्यावर तयार फाइल पुन्हा एकदा आरंभी, मध्ये आणि शेवटी तपासावी. निर्यातीच्या वेळी एएसी पद्धतीने आवाज आवळताना आरंभी काही नमुन्यांची भर पडते. चांगली सॉफ्टवेअर ती वगळतात. न वगळल्यास सुमारे ४४ मिलिसेकंदांचा स्थिर विलंब शिल्लक राहतो. तेवढा बहुधा खपतो, पण त्याच फाइलवर पुन्हा पुन्हा संपादन केल्यास तो साचत जातो. म्हणून दुरुस्ती नेहमी मूळ फाइलीवरून नव्याने करावी, निर्यात केलेल्या फाइलीवर नव्हे.

घरच्या टीव्हीवर आवाज पुढे आणि चित्र मागे वाटल्यास फाइलला दोष देण्यापूर्वी टीव्हीच्या सेटिंगमधील ऑडिओ डिले पाहावा. चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेत टीव्ही स्वतःच वेळ खातो. ‘गेम मोड’ लावताच फरक कमी झाला तर कारण तेच.

मंडळातील इतरांना चित्रफीत व्हॉट्सॲपवर पाठवायची झाल्यास ती व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. २ जीबीपर्यंतची फाइल अशी न दाबता जाते. मूळ चित्रण आणि रेकॉर्डरवरील ध्वनिमुद्रण एकाच फोल्डरमध्ये, नावात दिनांक आणि स्थळ घालून, दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवावे. टाळ्यांमधले मोजलेले अंतर त्याच फोल्डरमध्ये एका ओळीत लिहून ठेवले, तर वर्षांनंतर दुसऱ्या कोणाला तीच चित्रफीत नव्याने जुळवताना पुन्हा मोजत बसावे लागत नाही.