बीड : प्रेक्षणीय स्थळे

बीड हे मराठवाड्यातील जिल्ह्याचे ठिकाण बिंदुसरा नदीच्या काठी वसले आहे. ही नदी पुढे सिंदफणेला व सिंदफणा गोदावरीला मिळते. १९८९ च्या जुलैमध्ये बिंदुसरेच्या पुराने शहराची मोठी हानी झाली.

कंकालेश्वर मंदिर : शहराच्या पूर्व भागातील हे काळ्या पाषाणाचे प्राचीन शिवालय चौकोनी जलकुंडाच्या मध्यभागी उभे आहे. बाह्य भिंतीवर कोरीव मूर्ती आहेत. कुंड भरलेले असताना मंदिर पाण्यातून वर आल्यासारखे भासते. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते.

खजाना विहीर : शहराच्या दक्षिणेला असलेली ही विहीर निजामशाहीत, सोळाव्या शतकात बांधली गेली. तिचे पाणी भूमिगत कालव्यांतून शेतांना मिळे. उताराचा अचूक अंदाज घेऊन मोट किंवा पंपाविना पाणी वाहते ठेवणारी ही रचना दख्खनच्या जलस्थापत्याचा उत्तम नमुना होय.

खंडोबा मंदिर : टेकडीवरील या देवालयासमोर दोन उंच अष्टकोनी दीपमाळा आहेत. त्यांवर मानव व प्राण्यांच्या आकृती कोरलेल्या दिसतात.

शहेनशाहवली दर्गा : पूर्वेकडील टेकडीवरील या सूफी स्थानी सर्वधर्मीय भाविक येतात.

दळणवळण : २३ सप्टेंबर २०२२ रोजी अहिल्यानगर–आष्टी रेल्वे सुरू झाली. आष्टी तालुक्यातील कडा हे तिच्यावरील स्थानक असून २०२५ मध्ये हा मार्ग बीडपर्यंत पोहोचला. पावसाळ्यानंतर कुंडे व विहिरी भरलेल्या असतात. तो काळ भेटीस उत्तम.