दुसऱ्या नजरेची राखण

जयपूरच्या मालवीय नगर भागात पंडित मदनमोहन मालवीय यांचे नाव धारण करणारी अभियांत्रिकी संस्था आहे. १९६३ साली स्थापन झालेल्या या संस्थेत आज संगणकशास्त्र शिकविले जाते. तेथून काही मैलांवर, जुन्या शहरात, सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारलेली दगडी वेधयंत्रे आहेत. पंचांगातील गणित आकाशाशी जुळत नाही, हे या राजाला खटकत होते. त्याच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट या महाराष्ट्रीय पंडिताने टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ आणि युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. पुढे ला हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाची छापील कोष्टके युरोपातून आली. ती केवळ थोर नावावर स्वीकारली गेली नाहीत. प्रत्यक्ष वेधांशी ताडून पाहता चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाची तफावत आढळली.

लिहिलेले गणित दुसऱ्याने तपासावे, ही रीत अशी जुनीच आहे. आज तिची गरज एका अतिसूक्ष्म ठिकाणी पदोपदी भासते. ते ठिकाण म्हणजे फ्लॅश स्मृती.

१९६७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॉन कांग आणि सायमन झी यांनी चहूबाजूंनी विद्युतरोधक आवरणात कोंडलेल्या सूक्ष्म पट्टीची कल्पना मांडली. तीत अडकलेले इलेक्ट्रॉन वीज गेल्यावरही तेथेच राहतात. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी या तत्त्वावर १९८४ साली फ्लॅश स्मृती जगापुढे ठेवली आणि १९८७ साली तिचा नॅन्ड हा दाट व स्वस्त प्रकार आणला. कॅमेऱ्याच्या फ्लॅशप्रमाणे साऱ्या पेशी एकाच झटक्यात पुसल्या जातात, म्हणून हे नाव पडले. आज भ्रमणध्वनीतील छायाचित्रे, विजेच्या मीटरातील नोंदी आणि रुग्णालयातील यंत्रांच्या आज्ञावल्या याच पेशींच्या भरवशावर आहेत.

परंतु ही स्मृती नश्वर आहे. जुन्या धाटणीच्या पेशी सुमारे एक लाख वेळा पुसता येत. आजच्या दाट पेशी काही हजार वेळांतच थकतात. थकलेल्या पेशीतला एक कधी शून्य होतो, कधी शून्याचा एक. यावर उपाय म्हणून मजकुरासोबत पडताळ्याचे जादा अंक लिहून ठेवतात. त्यांवरून चूक ओळखून दुरुस्त करण्याची एक प्रसिद्ध पद्धत फ्रान्सचे ऑकेनगेम यांनी १९५९ मध्ये, आणि स्वतंत्रपणे राजचंद्र बोस व द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांनी १९६० मध्ये शोधली. बोस यांच्याच सहवासात नागपूरला शिकलेले शरदचंद्र श्रीखंडे काम करीत होते. या दोघांनी १९५९ साली अशा संकेतांच्या रचनेवर निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी पार्कर यांच्यासह त्यांनी ऑयलरचे १७८२ सालचे एक अनुमान खोटे ठरविले. ते अनुमान सिद्ध झाल्याचे दावे मध्यंतरी छापूनही आले होते! छापले गेले म्हणजे तपासले गेले, असे नव्हे.

ही दुरुस्ती पुष्कळदा नियंत्रक नावाची चकती करते. तिला हुकूम देणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. त्यातील बदल तपासणे कठीण का, हे एका उदाहरणाने कळेल. पुसलेल्या पानावर सर्वत्र एकच अंक असतात. पडताळ्याच्या जागीही एकच असल्यामुळे अनेक नियंत्रकांना ते पान बिघडलेले वाटते. म्हणून ड्रायव्हर लिहिणारे सोपी युक्ती करीत: सारे एक दिसले की पान कोरे समजावे. नव्या चकतीवर ही युक्ती प्रत्येक चाचणीत उत्तीर्ण होते. वर्षे लोटतात, कोऱ्या पानावरील एखादी पेशी उलटते, आणि ड्रायव्हर कोऱ्या पानालाच गमावलेला मजकूर म्हणून घोषित करतो. उलट, सवलत फार सैल ठेवली तर खराब झालेला खरा मजकूर कोरा ठरतो. म्हणून मजकूर व पडताळा या दोहोंतील शून्ये मोजून मर्यादा घालावी लागते. लिनक्समध्ये यासाठी सामाईक तपासणी २०१५ साली आली.

असा दोष चाचणीत दिसत नाही. तो वाचणाऱ्याला दिसतो. आज्ञावली सहकाऱ्यांनी ओळीगणिक वाचावी, ही पद्धत आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी १९७६ साली शिस्तबद्ध रूपात मांडली. १९९१ साली लिनस टोर्वाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्समध्ये ती उघड्यावर चालते. प्रत्येक बदल लहान तुकड्यांत, कारणासह, सर्वांसमोर ठेवावा लागतो. वाचणारा विचारतो: नियंत्रक तयार होण्याची वाट किती काळ पाहिली? उत्तर आलेच नाही तर पुढे काय? कारखान्याने खराब ठरविलेल्या खंडावरची खूण पुसली तर जाणार नाही ना? कित्येक बदल दोनदा-तीनदा परत जातात. त्यात लेखकाचा अवमान नसतो. स्वीकारलेल्या बदलाखाली २००४ सालापासून लेखकाची सही नोंदविली जाते. तपासणाऱ्याचे नावही त्याच इतिहासात राहू लागले आहे. पुढे दोष निघालाच, तर जबाबदारी दोघांची.

जयसिंगांच्या वेधशाळेत चूक निघाली तर पुढल्या रात्री चंद्र पुन्हा पाहता येत असे. पुसलेल्या पेशीतला मजकूर पुन्हा उगवत नाही. म्हणूनच या क्षेत्रात वेध आधी घ्यावा लागतो, आणि तो घेणारी दुसरी नजर लिहिणाऱ्या हाताइतकीच मोलाची ठरते.